मदत हवी आहे: लहानपणी शंट बसवलेल्या बहिणीचा वाढता विसराळूपणा

नमस्कार.

माझी धाकटी बहीण आता 29 वर्षांची आहे. ती अपुऱ्या दिवसांची जन्मली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यामुळे डोक्यात पाणी साठू लागले, म्हणजेच हायड्रोसेफॅलस झाला. ती तान्ही असतानाच मेंदूतून पोटात जाणारी नळी, व्हीपी शंट, बसवली गेली. उंची वाढली तशी नळी आखूड पडू लागली, म्हणून नवव्या वर्षी बदलावी लागली. पुढे त्रास झाला नाही, म्हणून तपासण्याही थांबल्या. उजव्या कानामागे, निचरा किती दाबाला व्हावा हे ठरवणाऱ्या झडपेचा उंचवटा आणि मानेच्या कातडीखाली दोरीसारखी नळी बोटाला लागते, एवढाच काय तो शंट आमच्या लक्षात राहिला.

ती बोलण्यात हुशार, पाठांतर उत्तम, पदवीधर आहे आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. आकडेमोड, नव्या जागेची वाट लक्षात ठेवणे आणि कामांचा क्रम लावणे मात्र तिला शाळेपासूनच जड जाते. लहानपणी हा आजार झालेल्यांमध्ये बोलणे चांगले आणि नियोजन कच्चे असे पुष्कळदा आढळते, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. शाळेत सगळे तिला आळशी म्हणत. गेल्या काही महिन्यांत मात्र फरक जाणवतो. तीन कामे सांगितली, तर पहिले होते, दुसरे अर्धे राहते आणि तिसरे सांगितल्याचेच तिला आठवत नाही. ताप, उलट्या किंवा सकाळची डोकेदुखी नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर ताण आहे म्हणतात. शंट हळूहळू बंद पडत असेल, तर मोठ्या माणसांत केवळ मंदपणा आणि विसराळूपणाही दिसू शकतो, म्हणून माझे समाधान होत नाही.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूतील पोकळ्या फुगलेल्या नाहीत असा अहवाल आला. परंतु तुलनेला जुना स्कॅन नाही आणि वर्षानुवर्षे शंट असलेल्या काही जणांत नळी तुंबूनही पोकळ्या फुगत नाहीत. अशा वेळी न्यूरोसर्जन पुढे काय करतात? डोळ्यांच्या मागील बाजूच्या नसेला सूज (मेंदूतील दाब वाढल्याची खूण) नाही, एवढ्यावर थांबतात की मेंदूतील दाब प्रत्यक्ष मोजतात? एमआरआयपूर्वी झडपेचा प्रकार विचारला गेला, कारण बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणाऱ्या झडपेची ठरवलेली पातळी एमआरआयमध्ये सरकू शकते. आमच्याकडील भिजलेल्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘मीडियम प्रेशर’ एवढे वाचता येते. साध्या एक्स-रेवरून झडप ओळखता येते असे ऐकले आहे. कोणी तसे करून घेतले आहे का?

तिच्यावर उपचार करणारे बालशल्यचिकित्सक निवृत्त झाले आणि मुलांच्या विभागात मोठ्यांना घेत नाहीत. नाशिक, पुणे किंवा मुंबईत लहानपणीच्या शंटच्या प्रौढ रुग्णांना नियमित पाहणारे न्यूरोसर्जन आणि स्मृती व नियोजन यांची सविस्तर चाचणी घेणारे मानसतज्ज्ञ कोणाच्या अनुभवात आहेत का? 2016 च्या दिव्यांग कायद्यातील 21 प्रकारांत या आजाराचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी कोणत्या प्रकारात अर्ज केला, हेही कळवावे.

आणखी एक. स्थळे येत आहेत. मावशीच्या मते शंटचा विषय काढूच नये. मला आणि बहिणीलाही तो आधीच सांगावा असे वाटते. शंट असलेल्या अनेक स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात, परंतु शेवटच्या महिन्यांत पोटातील दाबाने निचरा मंदावू शकतो, आणि तेव्हाची डोकेदुखी रक्तदाबाची की शंटची हे ओळखणे अवघड जाते. ज्यांनी यातून वाट काढली, त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांची सांगड कशी घातली?

हे बहिणीच्या संमतीने लिहिले आहे आणि उत्तरे तीही वाचणार आहे. ज्यांच्या घरी वीस वर्षांहून जुना शंट आहे, त्यांनी तपासणी किती काळाने आणि कोणाकडे होते, हे कृपया नेमके लिहावे.