सोलापुरात चालवायला वॅगन-आर १.२ एएमटी: घ्यावी की नको?

बाळीवेसकर:
मंडळी, २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हापासून घरात हाच विषय चाललाय. मला मारुतीची वॅगन-आर पटलीय, १.२ लिटर इंजिनवाली, एएमटी, म्हणजे क्लच न दाबता चालणारी. कारण साधं, आईचे गुडघे गेलेत. गाडी १६७५ मिमी उंच, सीटही वर, वाकून शिरायची भानगड नाही. लांबी ३६५५ मिमी, त्याहून मोठं काही आमच्या बोळात घातलं तर शेजारच्या ओट्याला घासणारच. आणि संध्याकाळी मधला मारुती ते टिळक चौक फर्स्ट-सेकंड करून डावा पाय आखडतो राव, म्हणून एएमटी. फक्त सिटीत चालवायचीय. बोला.

एमएच तेरा:
"फक्त सिटीत" इथंच फसलास भाऊ. सोलापूरला सिटी आहे कुठं एवढी? बाळ्यापासून होटगी रोडपर्यंत जायला किती वेळ लागतो तूच सांग. आपली गाडी पळते ती तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, नायतर पुणे, तेही अडीचशे किलोमीटर, आणि हायवेला मागून ट्रक दिवे मारत येतो. २०२३ ला ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आपटून सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेनं, वॅगन-आरला मोठ्यांच्या सेफ्टीत १ स्टार दिला, लहान मुलांच्यात शून्य. टाटाच्या टियागोला २०२० ला मोठ्यांच्यात ४. यावर बोल आधी.

गिअरबॉक्स:
टियागोचे ४ स्टार जुन्या नियमांचे आहेत हे पण सांगा की. २०२२ च्या मध्यात नियम कडक झाले, साइडची टक्कर, ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) सगळं धरायला लागले. तिसरीचा पेपर आणि दहावीचा पेपर एकाच मापानं मोजताय तुम्ही. शिवाय टेस्टची वॅगन-आर दोन एअरबॅगवाली होती, आता सहा येतात.

एमएच तेरा:
एअरबॅग सहा लाव नायतर सोळा, त्याच टेस्टमध्ये बॉडीशेल, म्हणजे गाडीचा सांगाडा, अनस्टेबल लिहिलंय. फुगा चांगला आणि भिंत कच्ची, काय उपयोग?

बाळीवेसकर:
हे मात्र खरंय, याला माझ्याकडं उत्तर नाही. पण पुण्याला मी गाडी नेतच नाही ओ. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडतो, आता वंदे भारत पण आहे. राहिलं अक्कलकोट, आई गुरुवारी जाते, चाळीसेक किलोमीटर, साठ-सत्तरच्या वर मी जात नाही.

जुळे सोलापूर:
मी म्हणतो गाडीच कशाला? नवी पेठेत लावणार कुठं? गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात होम मैदानाच्या आसपास स्कुटी लावायची मारामार. रिक्षानं जा, आईला दारात सोडतो रिक्षावाला.

बाळीवेसकर:
मे महिन्यात दुपारी बाराला रिक्षात बसून दवाखान्यात जा एकदा, मग बोलू. पारा त्रेचाळीसला असतो.

गिअरबॉक्स:
बरं, एएमटीचं कुणी बोलतच नाही. ही खरी ऑटोमॅटिक नाही, आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स अन क्लच, फक्त तो दाबायचं काम मशीन करतं. त्यामुळं गिअर बदलताना मान डोलते, सगळ्याच एएमटीत थोडंफार आहे ते. युक्ती एकच, गिअर पडायच्या आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलायचा. गर्दीत अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळतो, ब्रेक मारून थांबा. आणि १.२ च घ्या, ते चार सिलिंडरचं आहे, १.० तीन सिलिंडरचं. एसी फुल ठेवून चार माणसं बसली की फरक कळतो.

एमएच तेरा:
टियागो पण एएमटीत येते, बनावटीनं ठोस. डिकी २४२ लिटर, वॅगन-आरची ३४१, एवढंच काय ते तुझ्या बाजूनं.

बाळीवेसकर:
काल दोन्ही शोरूमला आईला घेऊन गेलो. टियागोत आधी बूड टेकवलं, मग हातानं एकेक पाय उचलून आत घेतला, उतरताना मला हात द्यावा लागला. दार मात्र टियागोचं धप्प वाजतं, तिथं मन डळमळलं माझं. वॅगन-आरमध्ये ती खुर्चीत बसल्यासारखी बसली, उतरली पण एकटी. बुक केली, १.२ एएमटी.

एमएच तेरा:
कर बाबा. पण मागं बसणाऱ्यांना पण बेल्ट लावायला लाव, आईला सुद्धा.

बाळीवेसकर:
लावतो. साडीची घडी मोडते म्हणून आत्तापासूनच कुरकुर चालू आहे तिची.