ब्रेसेस लावल्यापासून लेकीच्या हिरड्यांतून रक्त येतंय, सल्ला हवा (सांगली)

विश्रामबागची आई
नमस्कार. मुलगी नववीत आहे. अडीच महिन्यांपूर्वी तिच्या दातांना तारा लावल्या. पहिले तीन-चार दिवस दात ठणकले, तेवढं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण अजूनही ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी थुंकी पडते. वरच्या पुढच्या दातांवरची हिरडी लालभडक दिसते आणि दोन दातांच्या मधली टोकं सुजून पार ब्रॅकेटला (तार धरून ठेवणारा, दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) टेकायला आली आहेत. रक्त दिसलं की ती घाबरते आणि त्या जागी ब्रश लावतच नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. सासूबाई म्हणतात, थोडी मिश्री लावून बघ, मी जन्मभर लावली. ब्रश कुठला, माउथवॉश कुठला, खायला काय द्यावं? ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी कृपया सांगा.

मिरजकर
ताई, मिश्री अजिबात नको. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. हिरडी बधिर झाल्यासारखी होते म्हणून बरं वाटतं, पण सूज तिथेच राहते, सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात ती जाता कामा नये. आजींचं मन मोडवत नसेल तर मिठाच्या पाण्याचं काम त्यांच्याकडे द्या. पेलाभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, चांगलं ढवळून, दिवसातून दोन-तीनदा खळखळून चुळा. आमच्याकडे आईच नातवाच्या मागे पेला घेऊन फिरायची.

सातारा_तारावाली
काकू, मी दोन वर्षं तारा वापरल्या, आत्ता कुठे काढल्यात. तुमच्या मुलीसारखंच मीही रक्त येतं म्हणून ती जागा सोडून द्यायचे. तीन महिन्यांत हिरडी इतकी वाढली की दोन ब्रॅकेटची वरची कड दिसेना. तेव्हा डॉक्टरांनी हातात आरसा दिला आणि एक बारीक अवजार हिरडीच्या कडेने फिरवून त्यावर आलेला पांढरा, पिठासारखा थर दाखवला. म्हणाले, "रक्त येतंय ते ब्रश जास्त झाल्यामुळे नाही, ब्रश तिथे पोचतच नाही म्हणून." हे तिला नीट समजावून सांगा, कारण भीती गेल्याशिवाय हात तिथे जाणार नाही.

सगळा खेळ ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीचा आहे. नेहमीसारखा आडवा ब्रश मारला की केस ब्रॅकेटवर आपटतात आणि ती पट्टी कोरी राहते. अगदी मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. तो हिरडीकडे 45 अंशात तिरका धरायचा, केसांची टोकं दात आणि हिरडीच्या सांध्यावर टेकवायची आणि जागच्या जागी बारीक गोल फिरवायचा. एका दाताला दहापर्यंत मोजायचं. जोर अजिबात नको. मग ब्रश उलटा करून ब्रॅकेटची खालची बाजू. त्यानंतर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं बाळ म्हणा, तारेखालून एकदा वरून आणि एकदा खालून सरकवायचा. नेहमीच्या ब्रशला 2 मिनिटं सांगतात, तारा असताना मला रात्री सात-आठ लागायची. आरसा आणि चांगला उजेड हवाच.

पहिले चार-पाच दिवस रक्त येईलच, थांबू नका. माझं दुसऱ्या आठवड्यात जवळपास बंद झालं.

आणि गालाला, ओठाला ब्रॅकेट घासत असेल तर ब्रेसेससाठीचं खास मेण लावायचं. आधी ब्रॅकेट कापसाने कोरडा करायचा, मग तुरीच्या दाण्याएवढं मेण बोटावर मळून दाबायचं. ओल्यावर ते टिकत नाही.

औषधदुकान, गणपती पेठ
माउथवॉशबद्दल. क्लोरहेक्सिडीन 0.2 टक्के बरेच जण स्वतःहून घेऊन जातात आणि महिनोन्महिने वापरतात. ते डॉक्टरांना विचारूनच घ्या, साधारण दोन आठवड्यांच्या वर नको. दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव जाते. ब्रश केल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमुळे त्याचा परिणाम कमी होतो. सेन्सिटिव्ह टूथपेस्ट दातांच्या ठणक्यासाठी असते, हिरडीची सूज तिने उतरत नाही. साधी फ्लोराइडची पेस्ट पुरते. लवंग तेल थेट हिरडीवर लावू नका, भाजतं. कोळशाचं, खरखरीत मंजन तर नकोच.

कृष्णाकाठ
खाण्याचं सांगते, आमच्या मुलाने तीन ब्रॅकेट तोडले म्हणून. भडंग बंद. सांगलीत राहून हे सांगणं जिवावर येतं, पण मुरमुऱ्याचं टरफल हिरडीत शिरलं की दुसऱ्या दिवशी तिथे गाठ येते. चिक्की, ऊस, दाताने तोडायचा पेरू बंद. बेदाणे चिकटून बसतात, तेही नको. भाकरी आमटीत कुस्करून, मऊ भात, द्राक्षं चालतात. कंदी पेढा मऊ असला तरी लगेच चूळ भरायला लावा. ब्रॅकेटवरचे पारदर्शक रबर हळदीने पिवळे होतात, त्याची काळजी नको, पुढच्या वेळी बदलतात.

मिरजकर
एक राहिलं. तीन आठवडे थांबू नका, उद्याच फोन करा. हिरडी ब्रॅकेटवर चढत असेल तर डॉक्टरांनी आत्ताच बघायला हवं. तारा असतानाही दात साफ करता येतात, आमच्याकडे स्केलिंग दोनदा झालं. खर्चाचा प्रश्न असेल तर सांगली-मिरज रोडला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. पू, ताप किंवा गालावर सूज दिसली तर त्याच दिवशी जा. स्वच्छता नीट होऊनही लाली हटत नसेल तर तेही सांगा, काहींना तारेतल्या निकेलची ॲलर्जी असते.

विश्रामबागची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सोळावा दिवस. दुसऱ्याच दिवशी दाखवून आलो, स्केलिंग झालं. वरच्या डाव्या सुळ्याजवळ ब्रॅकेटच्या कडेला चिकटवायचा मसाला जास्तीचा राहिला होता. तिथेच घाण अडकत होती, तो घासून गुळगुळीत करून दिला. पहिले तीन दिवस ती रडत रडत ब्रश करायची, मी आरसा धरून शेजारी उभी राहायचे. आता थुंकी पांढरी पडते. सुळ्याजवळचं एक टोक अजून लाल आहे, तिथे इंटरडेंटल ब्रश शिरत नव्हता. डॉक्टरांनी एक आकार लहान घ्यायला सांगितला, तो काल आणला. मिठाच्या पाण्याचा पेला सासूबाई रात्री नऊला स्वतः आणून देतात.