नवोदयच्या आमच्या मावशी

होस्टेलचा विषय निघाला की सगळे वॉर्डनच्या धाकाबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे, पण मेट्रनबद्दल, म्हणजे होस्टेलात मुलींची काळजी घेणाऱ्या मावशींबद्दल, कुणी काहीच बोलेना म्हणून लिहितेय. मी नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या जवाहर नवोदय विद्यालय या निवासी शाळेतली. तिथे सहावीत घेतात, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, म्हणजे बहुतेक आम्ही खेड्यातल्या पोरी, आईला सोडून पहिल्यांदाच राहिलेल्या. पहिले काही दिवस रात्री लाईट बंद झाली की एक रडायला लागायची आणि मग सगळी डॉर्मिटरीच सुरू. मावशी ओरडायच्या नाहीत, येऊन कुणाच्यातरी कॉटवर बसायच्या आणि गावाकडं म्हशी किती, शेतात काय पेरलंय असलं काहीबाही विचारत राहायच्या, बोलता बोलता झोप लागायची.

रविवारी ओळीनं बसवून तेल लावायच्या, बारीक फणीनं उवा काढायच्या, वेण्या इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे :)

नववीत मायग्रेशनवर (म्हणजे काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या भागातल्या नवोदयमध्ये पाठवतात ते) हिंदी पट्ट्यातल्या शाळेतून मुली आल्या, त्यांना आमची आमटी अजिबात जाईना. मावशींना हिंदी धड येत नव्हतं तरी "बेटा थोडा खाओ ना गं" म्हणत त्यांच्याशेजारी बसून राहायच्या, मेसवाल्याशी भांडून त्यांच्यासाठी साधं वरण वेगळं काढून ठेवायला लावायच्या. हे काही त्यांच्या ड्युटीत नव्हतं हो! आमच्या बॅचच्या मुली अजूनही दिवाळीत त्यांना फोन करतात, आणि त्या आवाजावरून नाव ओळखतात.