विषय: टेक्सासमधल्या शूलेनबर्गची सहल, न्याहारीची यादी

सप्रेम नमस्कार,
सहलीच्या यादीत न्याहारीपुढे 'सॉसेज कोलाचे' असे लिहिले असून त्याखाली शाकाहारी घरांचीही नावे आहेत. मागच्या वर्षी बसमध्ये जे झाले ते सर्वांच्या लक्षात असेलच, म्हणून शुक्रवारपर्यंत दुरुस्ती व्हावी, ही विनंती.
सचिव

सचिवसाहेब,
यादी मी केली आहे, तेव्हा आधी मला विचारले असते तर बरे झाले असते. चेक लोकांच्या लेखी कोलाच म्हणजे मध्ये खळगा करून त्यात जर्दाळू, आलुबुखार, खसखस किंवा ताजे चीज भरलेला गोड पाव होय. पिठात गुंडाळलेल्या सॉसेजला ते क्लोबास्निक म्हणतात. तो चेक लोकांच्या मूळ प्रदेशातून, मोरावियातून, आलेलाही नाही, तर 1950 च्या दशकात टेक्सासमधल्याच वेस्ट गावातल्या एका बेकरीत निघाला, असे सांगतात. शिवाय 'कोलाचेज' हा शब्द कृपया कोणी वापरू नये. आपल्या 'फूल, फुले'सारखेच ते 'कोलाच, कोलाचे' आहे.
सहल समितीचे काका

काका,
व्याकरण मान्य, पण अडचण पिठाची आहे. आमच्या शेजारच्या चेक आजी पिठात लोणी आणि अंडे घालतात, आणि त्यांच्या आई डुकराची चरबी घालत असत. बेकरीवाले काय घालतात, हे फोन करून विचारल्याशिवाय गोड कोलाचसुद्धा शाकाहारी समजू नये. खसखशीचे सारण मात्र त्या दळून दुधात शिजवतात, आणि ते चाखल्यावर मला दर वेळी अनारसे आठवतात.
स्वयंपाक समितीच्या वहिनी

सर्वांना नमस्कार,
न्याहारीत तासभर जाऊ नये, असे शाळेच्या वतीने सुचवते. 1856 साली वसलेल्या दुबिनाचे आणि प्राहाचे अशी दोन्ही रंगवलेली चर्च पाहायची आहेत, आणि मुलांना प्राहाच्या दफनभूमीतल्या शिळांवरचा चेक मजकूर दाखवायचा आहे, कारण त्या गावाला प्रागचेच नाव दिलेले आहे, हे त्यांना वर्गात सांगून झाले आहे. (चर्चमध्ये खाद्यपदार्थ नेऊ नयेत, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.)
मराठी शाळा

सप्रेम नमस्कार,
बेकरीला फोन केला. चरबी नाही, अंडे आहे. अंडे न खाणाऱ्या सात जणांसाठी वहिनींनी दशम्या आणाव्यात. रकान्याचे नाव मी 'क्लोबास्निक' असे बदलले आहे.
सचिव

सचिवसाहेब,
ते मी आज रात्री बदलणारच होतो.
काका