केमिकल अँड बायोमॉलिक्युलर इंजिनीअरिंगची पदवी: बारावीला जीवशास्त्र नव्हते, तर पुढे अडेल का?

प्रश्न (पुणे, बारावी झालेली विद्यार्थिनी)

नमस्कार. अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया टेक विद्यापीठात केमिकल अँड बायोमॉलिक्युलर इंजिनीअरिंगच्या पदवी अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला असून ऑगस्टमध्ये मी तिकडे जाणार आहे. अकरावी-बारावीला मी द्विलक्ष्यी अभ्यासक्रमातून इलेक्ट्रॉनिक्स घेतले होते, त्यामुळे दहावीनंतर जीवशास्त्राचे पुस्तक उघडलेलेच नाही. आता अभ्यासक्रमाच्या यादीत जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राची नावे पाहून मनात धास्ती आहे. नावात ‘बायोमॉलिक्युलर’ असल्यामुळे पुढे नोकरी देणारे ही पदवी केमिकलची मानतात की नाही, हीसुद्धा शंका आहे. शिवाय घरच्यांनी शैक्षणिक कर्ज काढले असल्याने, दर सत्राला जादा विषय घेऊन साडेतीन वर्षांत पदवी पुरी करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (रॅली, नॉर्थ कॅरोलिना)

मी अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका विद्यापीठातून याच शाखेची पदवी घेतली असून सध्या लस उत्पादनातील शुद्धीकरण विभागात काम करते. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

पदवीच्या नावाची काळजी करू नकोस. गेल्या पंचवीसेक वर्षांत अमेरिकेतील अनेक केमिकल विभागांनी आपल्या नावाला ‘बायोमॉलिक्युलर’ जोडले, परंतु झाडाचे खोड तेच राहिले आहे: वस्तुमान व ऊर्जा संतुलन, उष्मागतिकी, द्रव-उष्णता-वस्तुमान यांचे वहन, पृथक्करण, अभिक्रियांचा वेग व रिअ‍ॅक्टरची रचना, प्रक्रिया नियंत्रण, युनिट ऑपरेशन्सची प्रयोगशाळा आणि शेवटच्या वर्षी संपूर्ण प्रकल्पाचे डिझाइन. अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देणाऱ्या अबेट या संस्थेच्या निकषांनुसार गणित व मूलभूत विज्ञानाचे किमान ३० आणि अभियांत्रिकी विषयांचे किमान ४५ क्रेडिट (विषयाचे वजन मोजणारे एकक) असावे लागतात, आणि ते नाव कोणतेही असले तरी बदलत नाही. जॉर्जिया टेकमध्ये नेहमीच्या पर्यायाबरोबर बायोटेक्नॉलॉजीचा वेगळा पर्याय आहे. तो घेतला, तर तुझे निवडीचे विषय त्या दिशेने जातात, बाकी पाया समानच असतो.

मुख्य मुद्दा क्रेडिटच्या बेरजेचा नाही, तर विषयांच्या साखळीचा आहे, आणि माझ्या मते नवे विद्यार्थी नेमके येथेच फसतात. वस्तुमान व ऊर्जा संतुलनाचा विषय साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येतो. तो झाल्याशिवाय उष्मागतिकी आणि वहनाचे विषय उघडत नाहीत, त्यांच्यावाचून पृथक्करण आणि रिअ‍ॅक्टर नाहीत, आणि हे सगळे झाल्यावाचून डिझाइन नाही. त्या विषयात नुसते उत्तीर्ण होणेही पुष्कळ ठिकाणी पुरत नाही, पुढे जाण्यासाठी किमान सी श्रेणी लागते. ती हुकली आणि तो विषय पुन्हा वर्षभराने शिकवला जाणार असेल, तर बाकीची कितीही क्रेडिट जमा असली तरी पदवी वर्षभर पुढे जाते.

विषय दिसायला सोपा आहे, म्हणूनच त्याची भीती बाळगावी. मी सांगलीची, लहानपणापासून साखर कारखान्यातले रस आटवणारे बाष्पक पाहिलेले. १०० किलो उसाच्या रसात १५ टक्के घन पदार्थ आहेत आणि ६० टक्क्यांचा पाक हवा आहे. घन पदार्थ १५ किलोच राहणार, म्हणून पाक २५ किलो आणि उडालेले पाणी ७५ किलो. इथवर कोणीही येतो. परंतु त्याच रसाचा काही भाग वळवून बाष्पकाला वगळून पुढे नेला, पाकातला काही भाग परत मागे आणला आणि एका भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवू लागली, की आकृती काढून प्रत्येक प्रवाहाला नाव देण्याची आणि गणनेचा आधार ठरवण्याची सवय नसलेला विद्यार्थी अडखळतो. जाण्यापूर्वी महिनाभर रोज अशी दोन गणिते कागदावर सोडव. जीवशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

प्रतिसाद (मुंबई, निवृत्त प्राध्यापक)

वरील प्रतिसाद अगदी योग्य आहे. त्यात जीवशास्त्राविषयी थोडी भर घालतो, कारण ही धास्ती मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. तेथे लागणारे जीवशास्त्र पहिल्या इयत्तेपासून सुरू झाल्यासारखे शिकवतात, आणि आपल्या बारावीतील वर्गीकरण वा शरीररचना त्यात फारशी येत नाही. विकरांच्या (एन्झाइमच्या) वेगाचे मायकेलिस-मेंटेन समीकरण घ्या: घन उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरील अभिक्रियेचे समीकरण ज्या रूपाचे असते, त्याच रूपाचे ते आहे. जागा मर्यादित, येणारे रेणू अनेक, म्हणून संहती वाढवत गेले तरी वेग एका मर्यादेला टेकतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलीला ही वक्ररेषा परकी वाटणार नाही.

मोठ्या किण्वकात, म्हणजे सूक्ष्मजीव वा पेशी वाढवण्याच्या टाकीत, तर खरी अडचण जीवशास्त्राची नसतेच, ती ऑक्सिजनची असते. हवेतला ऑक्सिजन पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम एवढाच विरघळतो, आणि दाट वाढलेल्या पेशी तो पाहता पाहता संपवतात. तो बुडबुड्यांतून द्रवात सतत पोहोचवायचा कसा, हा वस्तुमान वहनाचा प्रश्न आहे. माटुंग्याच्या आमच्या संस्थेत, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. मनमोहन शर्मा आणि प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी वायू-द्रव संपर्क आणि बुडबुडा-स्तंभ यांवर जे काम उभे केले, ते याच प्रश्नाला भिडते.

आणखी एका अटीकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात, म्हणून ती मुद्दाम सांगतो. केमिकल शाखेसाठी अबेटच्या निकषांत प्रक्रियांतील धोक्यांचे ज्ञान आता स्पष्ट शब्दांत मागितले आहे. १९ डिसेंबर २००७ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्यात पेट्रोलमध्ये मिसळायचा पदार्थ बनवताना रिअ‍ॅक्टरचे शीतकरण बंद पडले, अभिक्रिया आवरेना आणि स्फोटात ४ जण मृत्युमुखी पडले. चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने, अशा अभिक्रियांचे धोके पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकवले जावेत, अशी शिफारस केली. कारण साध्या भूमितीत आहे: भांड्याचा आकार प्रत्येक बाजूने दहापट केला, तर उष्णता निर्माण करणारे आकारमान हजारपट होते, पण ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. प्रयोगशाळेतल्या चंबूत शांत राहिलेली अभिक्रिया कारखान्यात तशीच राहील, असे म्हणूनच धरता येत नाही. हा विषय एकट्या परीक्षेपुरता वाचू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद (अटलांटा)

साडेतीन वर्षांबद्दल लिहितो. साखळी दुसऱ्या वर्षात सुरू होऊन आठव्या सत्रापर्यंत जाते, त्यामुळे जादा विषय घेतल्याने तिची लांबी घटत नाही. वेळ वाचवायचा तर पहिल्या वर्षाचे गणित आणि रसायनशास्त्र आधीच झालेले असावे लागते. आपल्या बारावीच्या गुणांवर तशी सूट मिळेल असे गृहीत धरू नका. एपी परीक्षा (अमेरिकेतील शालेय पातळीवरच्या, महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षा) दिल्या असतील, तर त्यांचे निकाल विद्यापीठाकडे वेळेत पाठवा. याशिवाय मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांचे विषय असतात, आणि जॉर्जिया राज्याच्या कायद्यानुसार अमेरिकेचा व राज्याचा इतिहास आणि संविधान यांचे ज्ञान सिद्ध करावे लागते. ठरलेल्या यादीतील एखादा इतिहासाचा किंवा राज्यशास्त्राचा विषय निवडला, की ही अट आणि सामाजिक शास्त्राची क्रेडिट दोन्ही साधतात. पदवीसाठी श्रेणींची सरासरी ४ पैकी किमान २.० हवी, हे तर आहेच.

विचारणारी विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. पगारी को-ऑप (शिकत असताना मधली काही सत्रे कंपनीत काम) घेतल्यास कर्जाला हातभार लागेल, पण त्याने पदवी लांबेल का?

प्रतिसाद (अटलांटा)

लांबेल. जॉर्जिया टेकची को-ऑप योजना १९१२ पासून चालू असून ती ऐच्छिक आहे. अभ्यासाचे सत्र आणि कामाचे सत्र आलटून पालटून येत असल्याने बहुतेकांना पाच वर्षे लागतात; मात्र कामाच्या सत्राची शिक्षण फी भरावी लागत नाही आणि पगार मिळतो. विद्यार्थी व्हिसावर पहिले शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय असे काम करता येत नाही, आणि अभ्यासक्रमांतर्गत पूर्णवेळ काम १२ महिने झाले, तर पदवीनंतरच्या कामाची परवानगी त्या पदवीच्या पातळीसाठी गमावली जाते. तेव्हा कामाच्या सत्रांचे महिने आधी मोजा, आणि संतुलनाचा विषय पहिल्या कामाच्या सत्रापूर्वी संपेल, असे वेळापत्रक सल्लागारांबरोबर पहिल्याच सत्रात बसून करा.