खांद्याचं ऑपरेशन: घरी आल्यावरचे सहा आठवडे तुम्ही कसे काढलेत?

नमस्कार. मी नाशकात इंदिरानगरला राहते, वय ५४. उजव्या खांद्याचा रोटेटर कफ फाटलाय, एमआरआयमध्ये स्पष्ट दिसलं. पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, मिळून हा कफ होतो, त्यातला तुटलेला टेंडन हाडाला परत बांधायचा, एवढं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. ऑपरेशनची भीती गेली. भीती आहे ती घरी आल्यावरची. सहा आठवडे हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवलेल्या झोळीत. मिस्टर पहाटे सहाला कंपनीच्या बसने जातात. घरी मी आणि ८१ वर्षांच्या सासूबाई.

काल रात्री मुद्दाम ओढणीने उजवा हात पोटाशी बांधून बघितला. कुकरचं झाकण लागेना. केसांना रबर लावता येईना. भरलेलं पातेलं नळाखालून निघेना. दहा मिनिटांत ओढणी सोडली आणि रडूच आलं. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी झोप, अंघोळ, कपडे, स्वयंपाक, रिक्षा, सगळं बारीकसारीक लिहा.

नाशिकरोडहून, वय ६१

ताई, आधी पहिल्या रात्रीचं सांगतो, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. संध्याकाळी भेटायला आलेल्यांना मी सांगत होतो, काही दुखत नाही. हात उचलून बघितला तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. रात्री अडीचला बधिरपणा उतरला आणि जी कळ सुरू झाली, ती सकाळपर्यंत. बधिरपणा साधारण कधी उतरेल आणि दुखण्याची गोळी त्याच्या किती आधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी लवकर पोचत नाही.

झोपेचं म्हणाल तर आडवं पडणं विसरा. मी पाच आठवडे पलंगाच्या डोक्याशी तक्के, त्यावर दोन उशा असं अर्धवट बसून झोपलो. ऑपरेशनच्या बाजूच्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल हवाच. कोपर अंगाच्या मागे गेलं की खांदा ओढला जातो आणि दचकून जाग येते. आत्तापासूनच पलंगावर तशी बसून झोपायची सवय करा.

माझा डावा खांदा होता. संडासात उजव्या हाताने धुवायची वेळ आली, तेव्हा काय हाल होतात ते कळलं. आठ दिवसांनी उजव्या बाजूला जेट स्प्रे बसवून घेतला. तुमचा उजवा आहे, पण नळाची तोटी आणि पाण्याचा मग कुठल्या बाजूला आहेत ते बघून ठेवा.

पंचवटीहून, वय ५८

माझाही उजवाच. कपड्यांचा एकच नियम: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. पुढून बटणं असलेले चार गाऊन शिवून घेतले. साडी दोन महिने नेसले नाही. बांगड्या आणि अंगठी ऑपरेशनआधी घरीच काढा, नंतर बोटं सुजतात.

अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल घ्या. काखेत घाम साचून वास येतो, खाजही सुटते. फिजिओने शिकवलं तसं कमरेत वाकून हात सैल खाली सोडायचा, मग आपोआप काख उघडते, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची. पण तुमच्या डॉक्टरांनी स्लिंग काढायची परवानगी दिली असेल तरच.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचं सगळं ओट्यावर आणा. पोळ्यांना दोन महिने बाई लावलीच पाहिजे, कणीक एका हाताने मळून होत नाही. कुकरऐवजी भात-वरण झाकण ठेवून छोट्या पातेल्यात. दुधाची पिशवी तांब्यात उभी ठेवा, मग एका हाताने कात्री चालते. मला हे तिसऱ्या दिवशी सुचलं, पहिली पिशवी फरशीवर गेल्यावर.

दिंडोरी, द्राक्षबागायतदार

आमचं काम मांडवाखालचं, हात सदानकदा डोक्यावर. एप्रिलची छाटणी उरकली आणि मे महिन्यात ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले होते, जोर लावायचा व्यायामसुद्धा तीन महिन्यांनंतरच. ऑगस्टमध्ये दुखणं जवळजवळ थांबलं होतं, म्हणून एक काडी तारेला बांधायला हात वर नेला. खांद्यात अशी कळ गेली की मांडवाखालीच बसलो. परत एमआरआय काढला. टाके शाबूत होते, पण ते आठ दिवस जेवण गेलं नाही. दुखणं थांबतं, पण आत टेंडन हाडाला चिकटायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. ऑक्टोबरच्या छाटणीत त्या वर्षी मी कात्री हातात धरली नाही, सगळी मजुरांकडून केली.

तंबाखू खात असेल कुणी तर आधी सोडा. तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो आणि शिवलेलं नीट जुळत नाही, हे मला दोन डॉक्टरांनी सांगितलं.

गंगापूर रोडहून, आईच्या ऑपरेशनचा अनुभव

आईला मधुमेह. साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीखच दिली नाही, आणि ते योग्यच झालं. सहा आठवड्यांनी स्लिंग निघाली तेव्हा हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जाईना. मधुमेहात खांदा जास्त आखडतो. दाराला कप्पी लावून दोरीचा व्यायाम, भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम, रोज. आई रडायची, आम्हालाही बघवायचं नाही. पाचव्या महिन्यात तिने स्वतःचा भांग स्वतः पाडला. फिजिओ चुकवू नका, एवढंच कळकळीने सांगते.

रिक्षात ऑपरेशनचा हात आतल्या बाजूला येईल असं बसवायचो आणि मध्ये उशी ठेवायचो. द्वारका चौकाकडून जाणं टाळायचो. फेरा पडला तरी चालेल, धक्के नकोत.

सातपूरहून

विम्याचं बघून घ्या. हाडात बसवायचे अँकर (टेंडनचे टाके धरून ठेवणारे छोटे खिळे) किती लागतील आणि त्यांचा खर्च पॉलिसीत बसतो का, हे आधी लेखी मागा. मला ते डिस्चार्जच्या काउंटरवर कळलं आणि बायकोला पैशांसाठी धावपळ करावी लागली. फिजिओचे पैसे आमचे आम्हीच भरले.

इंदिरानगरहून परत

सगळ्यांचे मनापासून आभार. जेट स्प्रेवाला उद्या येतोय. पोळ्यांसाठी समोरच्या बिल्डिंगमधल्या मावशी हो म्हणाल्या. विम्याच्या माणसाला आज दोन पानी प्रश्न पाठवलेत. पहिल्या रात्रीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी वेळा लिहून दिल्या.

ओढणी रोज अर्धा तास बांधते. केसांचं मात्र काही जमत नव्हतं. कापूनच टाकावेत असं म्हणत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "कापायचे नाहीत. तू पाटावर बस, मी खुर्चीत बसते, वेणी मी घालते." त्यांचे हात थरथरतात. आज दोघींनी करून बघितलं. वेणी जराशी तिरकी झाली, पण संध्याकाळपर्यंत सुटली नाही.