टीव्हीवरच्या जीवघेण्या स्पर्धेचा, जुन्या धाटणीचा अवघड गेम सुचवा (उड्या मारायचा हवा)

टंगळमंगळ (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. लहानपणी मोठ्या भावंडांच्या गर्दीत मागे उभं राहून एक गेम पाहिला होता. हातात कधी मिळाला नाही. टीव्हीचा स्टुडिओ, चकचकीत कोटातला सूत्रसंचालक, प्रेक्षकांचा गलका आणि मधोमध एक बिचारा स्पर्धक. चारही दारांतून लोक त्याच्या अंगावर धावून येतात. जिवंत राहिलास तर बक्षीस काय, तर टोस्टर! नाव आठवत नाही, पण तो टोस्टर डोक्यातून जात नाही.

तर तशाच वातावरणाचा, अवघड आणि जुन्या धाटणीचा गेम हवाय. पण प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) हवा, कारण मला उड्या तेवढ्या जमतात, नेमबाजीत मी शून्य.

बजेट: एकच गेम. नवं यंत्र, नवा कंट्रोलर काहीही घेणार नाही. लॅपटॉप आहे, त्याचाच कीबोर्ड आहे, रोज फार तर अर्धा तास आहे. मागच्या वेळी नुसती चित्रं बघून एक गेम घेतला आणि दुसऱ्या पातळीच्या पुढे गेले नाही. धाकटा भाऊ शेजारी बसून नावं ठेवतो, त्यावर इलाज नको.

जुनाखेळिया
तुम्ही पाहिलात तो 'स्मॅश टीव्ही'. विल्यम्स कंपनीचा, नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, १९९० चा, यूजीन जार्व्हिस आणि मार्क टर्मेल यांचा. कथा १९९९ मध्ये घडते, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने भविष्यात. टोस्टर, व्हीसीआर अशी बक्षिसं जमिनीवर पडतात आणि ती उचलायच्या नादात माणूस मरतो. खरी गंमत तीच आहे.

पण तो प्लॅटफॉर्मर नाही. वरून दिसतो, गुरुत्वाकर्षण नाही, उडी नाही. दोन जॉयस्टिक, एकीने पळायचं आणि दुसरीने आठ दिशांना गोळ्या झाडायच्या. किल्ल्या गोळा केल्या की शेवटी 'प्लेझर डोम' नावाची खोली उघडते. सुरुवातीच्या मशीनमध्ये ती खोलीच नव्हती, इतक्या लांब कुणी पोचेल असं करणाऱ्यांना वाटलं नव्हतं. मी पोचलो होतो. दोन वेळा.

फ्रेममोज्या
गेम नंतर ठरवा. आधी स्क्रीन कुठली ते सांगा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. सपाट टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यात तीन-चार फ्रेम सहज खातो. तुम्ही बटण वेळेवर दाबता, उडी उशिरा लागते आणि दोष स्वतःला देता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावा. कंट्रोलर वायरचा घ्या. खरं म्हणजे जुना ट्यूबवाला टीव्हीच शोधा. मी माळ्यावरचा उतरवला. दोघांनी उचलावा लागला, तीन दिवस पाठ धरली होती, पण त्यानंतर खड्ड्यात पडणं निम्म्यावर आलं.

टंगळमंगळ
लॅपटॉप. कीबोर्ड. नवीन काही नाही. वर लिहिलंय.

फ्रेममोज्या
लॅपटॉप टीव्हीला जोडता येतो.

पिक्सेलवाली
ताई, डोळे मिटून 'सुपर मीट बॉय' घ्या. २०१० चा आहे, पण हाड जुनंच. पातळ्या छोट्या, पुष्कळशा अर्ध्या मिनिटात संपतात. मेलात की डोळ्याची पापणी लवायच्या आत परत सुरुवातीला, त्यामुळे चिडायलाही वेळ मिळत नाही. आणि तुम्हाला जो टीव्हीचा फील हवाय ना, तो इथे वेगळ्या रूपात आहे. पातळी पार केलीत की रीप्लेमध्ये तुमचे सगळे प्रयत्न एकाच वेळी दाखवतात. चाळीस मीट बॉय एकदम पळत सुटतात, करवतीवर एकेक करून फुटतात आणि शेवटी एकटा पोचतो. मी तो रीप्ले घरच्यांना बोलावून दाखवायचे. ते बघून निघून जायचे.

खोडसाळकाका
हल्लीचे गेम म्हणजे खेळाडूला कडेवर घेऊन फिरवणं. अवघड पाहिजे तर 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स', १९८५. एक फटका बसला की चिलखत जातं आणि सरदार चड्डीवर पळू लागतो, दुसऱ्यात हाडांचा ढीग. बरं, शेवटच्या राक्षसाला मारलंत तर कळतं की तो भास होता, आता पहिल्यापासून पुन्हा! दुसऱ्यांदा संपवल्याशिवाय खरा शेवट नाही. हवेत उडी वळवता येत नाही, एकदा पाय सुटला की जिथे पडायचं तिथेच पडणार. संसाराची तयारी होते.

पिक्सेलवाली
काका, त्यांनी अर्धा तास म्हटलंय.

खोडसाळकाका
रोज अर्धा तास, वीस वर्षं. आमचं तसंच झालं.

अर्धशिशी
दोघं असाल तर 'बॅटलटोड्स' चुकूनही घेऊ नका, मी तोंडघशी पडलोय. रेअर कंपनीचा, १९९१, निन्टेन्डोच्या जुन्या डब्यावरचा (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरचा). सगळे तिसऱ्या पातळीवरच्या बाईकच्या बोगद्याबद्दल रडतात. ते रडणं बरोबरच आहे, भिंत दिसेपर्यंत तुम्ही भिंतीत असता. पण खरी फसवणूक पुढे आहे. एक तर मारताना फटका जोडीदारालाही लागतो, त्यावरून आमच्याकडे खऱ्या हाणामाऱ्या झाल्या. आणि अकराव्या पातळीवर दुसऱ्या खेळाडूचं बटणच चालत नाही! मला वाटलं कंट्रोलर गेला. उघडला, पुसला, भावाचा आणून लावला. नंतर कळलं की तो त्या आवृत्तीतला दोष आहे. दोघांनी मिळून तो गेम सरळ मार्गाने संपवताच येत नाही. आमचा एक अख्खा उन्हाळा त्यात गेला.

दूरदर्शी
टीव्हीवरची जीवघेणी स्पर्धाच हवी तर 'रॅचेट: डेडलॉक्ड' कसा विसरलात सगळे? २००५, पीएस२ (प्लेस्टेशन २) वरचा. नायकाला पळवून नेतात आणि 'ड्रेडझोन' नावाच्या कार्यक्रमात उतरवतात. समालोचक, प्रेक्षक, गळ्यात बॉम्बचा पट्टा, सगळं आहे. विषय शंभर टक्के जुळतो.

जुनाखेळिया
त्यात उड्या नावापुरत्या. बंदुकांचा गेम आहे तो. त्या मालिकेत आधीचे गेम तरी प्लॅटफॉर्मर म्हणता येतील. आणि हा जुन्या धाटणीचा कसा, त्रिमिती आहे.

दूरदर्शी
२००५ जुनं नाही? तेव्हा जन्मलेली मुलं आता मतदान करतात.

जुनाखेळिया
जुनं आणि जुन्या धाटणीचं यात फरक आहे. प्लॅटफॉर्मर म्हणजे ज्यात उडीचा अंदाज हाच मुख्य धोका. याच न्यायाने 'स्मॅश टीव्ही' बसत नाही हे मी वर सांगितलंच आहे.

कुजकट
'द रनिंग मॅन' या १९८७ च्या चित्रपटावर त्याच नावाचा गेमही आला होता, १९८९ मध्ये, ग्रँडस्लॅम कंपनीचा. बाजूने दिसतो, धावायचं आणि मारामारी करायची. विषय अगदी हवा तोच, स्पर्धेत धावा किंवा मरा. मोह होईल. होऊ देऊ नका. चित्रपटाचं नाव चिकटवून विकलेल्या त्या काळच्या गेमांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

पिक्सेलवाली
मी परत सांगते, सुपर मीट बॉय.

साबुदाणा
+१ मीट बॉय. इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लावून जुने गेम खेळायचे तर दर दहा सेकंदांनी सेव्ह करता येतं, मग काहीच अवघड नाही. निन्जा गायडेन (१९८८) मी असाच एका दुपारी संपवला.

खोडसाळकाका
संपवला नाही, उरकला.

साबुदाणा
शेवट तोच दिसला ना?

खोडसाळकाका
गाडीने वर जाऊन शिखरावर फोटो काढला तरी शिखर तेच दिसतं. त्या गेममध्ये पक्षी येऊन धडकतो, तुम्ही मागे फेकले जाता आणि मागे खड्डा असतो. तो पक्षी कधी येतो हे अंगात भिनायला आठवडा लागतो. सेव्ह करून तो आठवडाच तुम्ही गाळलात.

साबुदाणा
आठवडा वाचला असं आम्ही म्हणतो.

(इथून पुढचे अकरा प्रतिसाद सेव्ह करणं ही फसवणूक आहे का यावर. संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.)

सावकाश
'सेलेस्ट' कुणीच म्हणालं नाही? २०१८ चा आहे, डोंगर चढायचा. स्पर्धाबिर्धा नाही, टीव्ही नाही, उलट मनाला हात घालतो. पण अवघड आहे आणि प्रामाणिक आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेम उडी मान्य करतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी लक्षात ठेवतो. तुम्हाला वाटतं आपला हात बसला, प्रत्यक्षात गेम तुम्हाला हळूच सावरत असतो. शिवाय असिस्ट मोड आहे. अगदीच अडलं तर वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. मी एका खोलीत ३१२ वेळा मेले आणि ती खोली बंद करून झोपायला गेले तेव्हा हसत होते.

कुजकट
टीव्हीवरची मरणाची स्पर्धा मागितली, दिला मन:शांतीचा डोंगर.

मूक वाचक
बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, आज राहवलं नाही. ताई, नाव कुठलंही घ्या, पण विकत घेण्याआधी कुणीतरी तो खेळतानाचा व्हिडिओ पाहा, चित्रं नकोत. त्यात मरण बघा, जिंकणं नाही. मेल्यावर परत पळायला किती वेळ लागतो ते मोजा. अर्ध्या तासात दोनशे वेळा मरायचं असेल तर प्रत्येक वेळचे पाच सेकंद म्हणजे सोळा-सतरा मिनिटं नुसतं काळ्या पडद्याकडे बघण्यात गेली. दुसरं, जे मारतं ते आधी दिसतं का? दिसत असेल तर तुम्ही शिकता. दिसत नसेल तर नुसतं पाठ करता. मागचा गेम तुम्ही दुसऱ्या पातळीवर सोडलात तो बहुधा पाठांतराचा असणार.

आणि कीबोर्डबद्दल कुणीच बोललं नाही. लॅपटॉपच्या बऱ्याच कीबोर्डवर ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी उमटत नाही. वहीसारखी एखादी कोरी फाइल उघडा, गेममध्ये लागणारी अक्षरं एकत्र दाबून धरा आणि किती उमटतात बघा. उडी, धाव आणि दिशा एकत्र चालत नसतील तर गेम अवघड नाही, कीबोर्ड बहिरा आहे. कळा बदलून घ्या. बाणांच्या ऐवजी अक्षरं लावली की बहुतेक वेळा सुटतं.

काहीच बदलायचं नसेल तर 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' बघा. सहा व्ही आहेत, मोजून लिहिलंय. टेरी कॅव्हॅना यांचा, २०१०. डावी-उजवी आणि एकच कळ. प्रत्येक खोलीला नाव आहे, थांबे (मेल्यावर जिथून परत सुरू होतं त्या जागा) जागोजागी आहेत. फक्त त्यात उडी नाही, कळ दाबली की गुरुत्वाकर्षण उलटं होतं आणि तुम्ही छताला चिकटता.

जुनाखेळिया
उडी नाही म्हणजे तोही प्लॅटफॉर्मर म्हणावा का हा प्रश्न आहे.

टंगळमंगळ
मूक वाचक, खूप आभार. फाइल उघडून बघितलं. डावा बाण, वरचा बाण आणि स्पेस एकत्र दाबलं तर स्पेस उमटतच नाही! म्हणजे मागच्या गेममध्ये लांब उडी लागत नव्हती ती माझ्यामुळे नाही. भावाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "तरी तू वाईटच खेळतेस."

पिक्सेलवाली
म्हणजे मीट बॉय नक्की?

फ्रेममोज्या
वायरचा कंट्रोलर घेतलात तर हा प्रश्नच येणार नाही. मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं.

टंगळमंगळ
मंडळी, निकाल सांगायला आले. मीट बॉय, सेलेस्ट दोन्हींचे व्हिडिओ पाहिले, दोन्ही उत्तम वाटले, दोन्ही घेतले नाहीत.

झालं असं की त्या टोस्टरबद्दल मोठ्या चुलतभावाला विचारलं, तर त्याच्याकडे पीएस२ अजून चालू आहे आणि 'मिडवे आर्केड ट्रेझर्स' ही जुन्या गेमांची डिस्कही. त्यात 'स्मॅश टीव्ही' आहे. दोन कंट्रोलरसकट उचलून आणलं. बजेट शून्य राहिलं. उड्या नाहीत, माहीत आहे. नेमबाजीत मी शून्य आहे हेही माहीत आहे. पण डाव्या अंगठ्याने पळायचं, उजव्याने झाडत राहायचं, नेम असा लागतच नाही, इतके लोक असतात अंगावर की कुठेही झाडलं तरी कुणीतरी पडतो.

भाऊ आता नावं ठेवत नाही, कारण तो दुसऱ्या कंट्रोलरवर आहे. पहिल्या स्टुडिओच्या शेवटी तो म्युटॉइड मॅन येतो, खाली रणगाडा, वर माणूस. हात उडवले, डोकं उडवलं, तरी चालूच. अंगठ्याला फोड आलाय. काल तो राक्षस अर्धा झाला असताना मी भावाला वाचवायला कोपऱ्यात गेले, तर हा पठ्ठ्या माझ्या मागून जाऊन बक्षिसं उचलत होता. टोस्टर त्याने घेतला.

खोडसाळकाका
संसाराची तयारी म्हटलं होतं ना.

जुनाखेळिया
अभिनंदन. किल्ल्या सोडू नका, शेवटी लागतात. (प्लॅटफॉर्मर नाही हे नमूद करून ठेवतो.)

फ्रेममोज्या
पीएस२ कुठल्या टीव्हीला जोडलाय?

टंगळमंगळ
चुलतभावाच्याच ट्यूबवाल्या. दोघांनी उचलावा लागला.